मेसेज खरा की खोटा, हे त्याच्या मजकुरावरून ठरवू नका

आमच्या दारव्हा तालुक्यात फसवणुकीचे मेसेज शेतीच्या आणि सरकारी योजनांच्या वेळापत्रकाप्रमाणे येतात, हे सरकारी कामांचे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या टेबलामागे बसून मी बघत आले आहे. पेरणीच्या तोंडावर किसान सन्मान निधीच्या हप्त्याचे आणि पीक कर्जाचे मेसेज येतात, अतिवृष्टीचे पंचनामे झाले की अनुदानाचे येतात, कापूस विकून खात्यात चार पैसे जमा होऊ लागले की खाते बंद पडणार असल्याचे येतात आणि वीज कापण्याचे मेसेज तर बाराही महिने सुरू असतात. पाठवणाऱ्याला आपल्या घरची परिस्थिती ठाऊक असते असे नाही. तो एकच मजकूर हजारो क्रमांकांवर पाठवतो, आणि ज्याला त्या दिवसांत नेमकी त्याच गोष्टीची वाट किंवा धास्ती असते, त्याला तो मेसेज आपल्यासाठीच आला आहे असे वाटते. आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घर कशाची तरी वाट पाहत असते. कुणाचा हप्ता अडकलेला, कुणाचा पीक विमा आलेला नाही, कुणाच्या सौर पंपाचा अर्ज वर्षभर तसाच पडून आहे. म्हणून फसलेल्या माणसाला लोभी किंवा अडाणी म्हणणे मला मुळीच पटत नाही. तो गाफील असतो असेही नाही. तो ताटकळलेला असतो.

फसवा मेसेज अशुद्ध भाषेवरून ओळखावा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. एकेकाळी तो उपयोगी होता, कारण इंग्रजीतून कसेबसे मराठीत आणलेले ते मजकूर वाचताना खटकत असत. आता माझ्यापुढे येणारे मेसेज शुद्ध मराठीत असतात, त्यांवर राजमुद्रा असते, योजनेचे नाव अचूक असते आणि कधी मुख्यमंत्र्यांचे किंवा पंतप्रधानांचे छायाचित्रही असते. उलट कित्येक खऱ्या सरकारी मेसेजची भाषा इतकी तुटक असते की तेच खोटे वाटावेत. त्यामुळे मजकूर न्याहाळत बसण्यापेक्षा, मेसेजमध्ये ज्या कामाचा उल्लेख आहे ते काम प्रत्यक्षात कोणत्या रीतीने होते, हे माहीत असणे मला अधिक भरवशाचे वाटते. हप्ता कसा जमा होतो, वीज कशी कापली जाते, बँक केवायसी म्हणजे खातेदाराच्या ओळखीची पडताळणी कशी करून घेते, याची रीत एकदा कळली की खोटा मेसेज आपोआप उघडा पडतो, कारण त्याला त्या रीतीबाहेरचे काहीतरी आपल्याकडून करून घ्यायचे असते.

वीज कापण्याच्या मेसेजपासून सुरुवात करते. मागच्या महिन्यात दिवेलागणीला एक काकाजी घाईघाईने केंद्रात आले आणि मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, “ताई, आज राती लाईन कापतो म्हन्ते जी. पोरगं पुन्याले हाये, त्यानं बिल भरलं का नाई मले मालूम नाई.” मेसेजमध्ये लिहिले होते की मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, तरी त्वरित खालील क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. खाली दहा अंकी मोबाईल क्रमांक होता. त्यांचा ग्राहक क्रमांक कुठेच नव्हता, नाव नव्हते, थकबाकीची रक्कमही नव्हती.

मी त्यांच्या जुन्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकून पाहिला. बिल भरलेले होते. परंतु बिल थकलेले असते तरीही हा मेसेज खोटाच ठरला असता, आणि ही गोष्ट काकाजींना समजावून सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सकाळी मेसेज आणि रात्री साडेनऊला अंधार, अशी रीतच नाही. शिवाय महावितरणचे मेसेज कुणा अधिकाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी महावितरणच्या इंग्रजी नावाची एमएसईडीसीएल ही आद्याक्षरे असलेले नाव दिसते. शंका आली तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करता येतो, नाहीतर गावातल्या लाईनमनला विचारता येते, आणि त्याला तर आपण रोजच भेटतो.

काकाजींनी त्या क्रमांकावर फोन केला असता तर काय घडले असते, तेही सांगते. समोरचा माणूस अतिशय अदबीने बोलला असता, बिल भरले आहे हे त्याने मान्य केले असते, फक्त “सिस्टीममध्ये अपडेट झालेले नाही” म्हणाला असता, आणि त्यासाठी एक ॲप घेऊन दहा रुपये भरा असे त्याने सांगितले असते. ते ॲप एका मोबाईलचा स्क्रीन दुसऱ्या मोबाईलवर दाखवणारे असते. दहा रुपये भरताना आपण जे जे टाइप करतो, म्हणजे कार्डाचा क्रमांक, पिन, आलेला ओटीपी, ते सगळे पलीकडच्याला दिसू शकते. दहा रुपयांची रक्कम मुद्दाम ठेवलेली असते, कारण एवढ्याशा रकमेसाठी कुणी दोनदा विचार करत नाही.

मेसेज कोणाकडून आला हे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण तेवढी एक गोष्ट आपल्याला अक्षर न वाचता तपासता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार बँका, कंपन्या आणि सरकारी खाती यांना एसएमएस पाठवण्यासाठी आपले प्रेषक-नाव आणि मजकुराचा साचा नोंदवून घ्यावा लागतो. म्हणून खऱ्या बँकेचा मेसेज दहा अंकी क्रमांकावरून येत नाही. त्याच्यावर आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग आडवी रेघ आणि मग संस्थेचे लघुनाव असते. २०२५ पासून नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर येऊ लागले आहे: जाहिरातीच्या मेसेजला पी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी आणि सरकारी मेसेजला जी. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजवर दहा अंकी क्रमांक दिसला तर पुढे एक शब्दही वाचण्याची गरज नाही.

मात्र ही परीक्षा फक्त एसएमएसपुरती चालते. व्हॉट्सॲपला हे नियम लागू नाहीत आणि तिथे कुणीही कुणाचेही चित्र लावून बसू शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर न झालेली लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस मोबाईल कंपन्यांनी अडवायचे, असा नियम झाला. माझ्या पाहण्यात त्यानंतर लिंकांचा आणि फाइलींचा सुळसुळाट एसएमएसपेक्षा व्हॉट्सॲपवर अधिक वाढला. आमच्याकडे सर्वाधिक नुकसानही तिथूनच होते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

व्हॉट्सॲपवर “पीएम किसान”, “आरटीओ चलान”, “लग्नपत्रिका” किंवा एखाद्या बँकेचे नाव असलेली फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरे असतात. ते छायाचित्र नाही, कागद नाही, ते आख्खे ॲप असते. ती फाइल नुसती आल्याने काही बिघडत नाही. ती उघडून मोबाईलमध्ये बसवली आणि मोबाईलने दिलेला इशारा बाजूला सारून परवानग्या दिल्या, की बिघाड सुरू होतो. ॲप सर्वांत आधी मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी आपल्या आधी पलीकडे पोहोचतो. त्यानंतर आपल्याला काही सांगावे लागत नाही, कुणाशी बोलावे लागत नाही. अशा वेळी लोक शपथेवर सांगतात की आम्ही कुणालाही ओटीपी दिला नाही, आणि ते खरेच बोलत असतात.

याहून वाईट म्हणजे ही फाइल बहुधा ओळखीच्या माणसाकडून येते. आमच्या गावच्या गटावर ती एकदा अशा माणसाच्या क्रमांकावरून आली, ज्यांचा शब्द सारे गाव मानते. त्यांचा मोबाईल आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता आणि त्यांच्या नावाने ती फाइल सगळ्या गटांवर पाठवली जात होती, याची त्यांना कल्पनाही नव्हती. म्हणून “ओळखीच्याने पाठवले म्हणजे बरोबरच असेल” हा आपल्या गावाकडचा सहज विश्वास इथे कामाचा नाही. पाठवणाऱ्याला फोन करून, त्याचा आवाज ऐकून, “तुम्ही हे पाठवलं का जी?” असे विचारावे. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

ॲप घेऊच नका, असे मी कुणाला सांगत नाही, कारण ते शक्य राहिलेले नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते, ई-पीक पाहणी ॲपवर होते, आणि बँकेचे स्वतःचे ॲप असते. फरक एवढाच की खरे सरकारी ॲप व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून कुणी पाठवत नाही. ते आपण प्ले स्टोअरवर जाऊन घेतो आणि घेण्यापूर्वी ते कोणत्या संस्थेने टाकले आहे ते वाचतो. किसान सन्मान निधीचे पाहिले तर वर्षाचे ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. हप्ता “मिळवण्यासाठी” कोणतीही फाइल उघडावी लागत नाही, कोणताही फॉर्म भरून खाते क्रमांक नव्याने द्यावा लागत नाही. हप्ता अडकला असेल तर त्याचे कारण ई-केवायसी, आधार जोडणी किंवा जमिनीच्या नोंदी यांत असते, आणि ते योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा केंद्रात येऊन पाहता येते. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी ज्यांना ई-केवायसी करावी लागते, त्यांचा विशिष्ट क्रमांक, ज्याला आपण व्हीके नंबर म्हणतो, गावात लावलेल्या यादीत असतो. तो कुठल्या लिंकमधून येत नाही.

ओटीपीबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. “ओटीपी कुणालाही देऊ नका” हे वाक्य सगळीकडे लिहिलेले असते, आणि तरीही आमच्याकडे लोकांना ओटीपी द्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारवर ओटीपी येई, मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरही येई, आणि केंद्रात आलेल्या बायका तो मला वाचून दाखवीत. महिन्याच्या १,५०० रुपयांवर ज्यांचे किराणा आणि औषधपाणी अवलंबून आहे, त्यांना “ओटीपी देऊ नका” एवढेच सांगणे म्हणजे काम अडवून ठेवणे आहे. त्याच दिवसांत योजनेच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळेही फिरत होती. मग खरा ओटीपी आणि खोटा ओटीपी यांत बाईने फरक कसा करायचा?

मी त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, ओटीपीचा आकडा वाचण्याआधी त्या मेसेजमधली सगळी वाक्ये वाचून किंवा वाचून घेऊन समजून घ्यावीत, कारण ओटीपी कशासाठी आला आहे हे बहुतेक वेळा त्याच मेसेजमध्ये लिहिलेले असते. आधारचा ओटीपी असेल तर आधारचा उल्लेख असतो. बँकेचा असेल तर साधारणपणे किती रुपये कुणाला जाणार आहेत तेही असते. योजनेचे काम चालू असताना बँकेचा ओटीपी आला तर तिथेच थांबावे, मग समोर मी असले तरी. दुसरी गोष्ट, काम आपण स्वतः सुरू केलेले असावे. आपण केंद्रात गेलो, आपल्या डोळ्यांसमोर संकेतस्थळ उघडले आणि त्यानंतर ओटीपी आला, तर त्या ओटीपीला काही अर्थ आहे. घरी स्वयंपाक करत असताना फोन आला, कुणीतरी आपले नाव घेऊन योजनेबद्दल बोलू लागला आणि मग ओटीपी आला, तर ते काम आपण सुरू केलेले नाही. ज्या बायकांना अक्षरओळख बेताची आहे, त्यांनाही हा दुसरा नियम पूर्ण समजतो आणि त्या तो पाळतात, हे मी पाहिले आहे.

सौर पंपाच्या बाबतीत अशीच अडचण येते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला आपला हिस्सा खरोखरच भरावा लागतो, सर्वसाधारण गटाला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. म्हणजे इथे खरा मेसेजही पैसे भरायला सांगतो आणि खोटाही सांगतो. “पैसे मागितले म्हणजे खोटे” हा नियम इथे चालत नाही. पण खरा भरणा महावितरणच्या संकेतस्थळावर, आपल्या अर्ज क्रमांकावर होतो. कुणा माणसाच्या नावाचा क्यूआर कोड, “नोंदणी शुल्क” म्हणून मागितलेली रक्कम, किंवा “आजच भरा, नाहीतर तुमचा नंबर दुसऱ्याला जाईल” असा तगादा, हे त्या रीतीत बसत नाही. केंद्र सरकारच्या पीएम-कुसुम या सौर पंपांच्या योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळे तर इतकी झाली की संबंधित मंत्रालयाला त्याबाबत वारंवार सावध करावे लागले.

लिंकचा पत्ता वाचायला शिकणे हे मला मोठ्यांपेक्षा मुलांना शिकवणे सोपे गेले, आणि आता आठवी-नववीची मुले घरच्यांचे मेसेज तपासून देतात. पत्ता वाचताना सुरुवातीला लिहिलेल्या नावाकडे लक्ष देऊ नये, कारण तिथे कुणालाही काहीही लिहिता येते. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहावे. पाकिटावर गावाचे आणि तालुक्याचे नाव जसे पत्त्याच्या शेवटी येते, तसे खऱ्या मालकाचे नाव इथे शेवटी असते. सरकारी संकेतस्थळाचा शेवट बहुतेक वेळा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा होतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना त्यावर येण्यास सांगितले. तेव्हा पत्त्यात कुठेतरी बँकेचे नाव आहे, ‘केवायसी’ आहे, ‘जीओव्ही’सुद्धा आहे, पण शेवट भलताच आहे, तर तो पत्ता परक्याचा आहे. बँकेच्या मेसेजमध्ये लिंक असली तरी मी स्वतः ती दाबत नाही. ॲप उघडते किंवा शाखेत जाते.

पैसे जमा झाल्याचा खोटा मेसेज हा प्रकार आठवडी बाजारात फार चालतो. बकरी विकणाऱ्या एका मावशींच्या मोबाईलवर आठ हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज आला, घेणारा बकरी घेऊन निघालाच होता, पण शेजारच्या दुकानदाराने मेसेज पाहिला आणि तो दहा अंकी क्रमांकावरून आलेला आहे हे त्याच्या लक्षात आले. बँकेच्या मेसेजचा हुबेहूब मजकूर कुणीही आपल्या मोबाईलवर टाइप करून पाठवू शकतो. याचाच दुसरा अवतार फोनवर येतो: “तुमच्या खात्यात चुकून माझे पैसे आले, आई दवाखान्यात भरती आहे, कृपा करून परत पाठवा.” आपली माणसे भोळी नसतात, दयाळू असतात, आणि दवाखान्याचे नाव काढले की त्यांचा जीव कासावीस होतो. अशा वेळी मेसेजवर विसंबू नये, आपल्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या शिल्लक विचारण्याच्या क्रमांकावर शिल्लक पाहावी. पैसे खरोखर आलेले असले तरी आपण परत पाठवू नयेत, बँकेला कळवावे आणि बँकेने ते परत करावेत. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. “पैसे पाठवतो, पिन टाका” असे कुणी सांगितले आणि पिन टाकला, की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पैसे गेल्यावर मात्र सगळ्यात मोठे नुकसान संकोचामुळे होते. रात्री पैसे गेले आणि सकाळपर्यंत घरात कुणाला सांगितले नाही, असे मी पुनःपुन्हा ऐकते. घरचे ओरडतील, गाव हसेल, याची भीती असते. बायकांना तर नवऱ्याला कसे सांगावे हेच कळत नाही. ज्या घरात असा प्रसंग घडतो त्या घरातल्या शिकलेल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या तासात एक शब्दही बोलून आईवडिलांना दुखवू नका, कारण तो तास फोन करण्याचा असतो.

फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करायचा. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते आणि पैसे काढले गेले नसतील तर तिथे रोखून धरता येतात. चोर मात्र ते पैसे काही वेळात एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो, म्हणून उशीर महागात पडतो. फोन करताना खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली ती, आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. यूपीआयचा तो क्रमांक बारा अंकी असतो. लगोलग आपल्या बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करून घ्यावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवावा. तो क्रमांक पुढे फार उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, परंतु कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले, म्हणजे आपली जिल्हा बँकही यातून सुटत नाही. शाखेत कुणी “आता काही होत नाही” असे तोंडी सांगितले तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

एपीके बसवले गेले असेल तर आधी मोबाईलचा इंटरनेट बंद करावा आणि वरचे सगळे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करावेत. त्या फाइलीचे आणि मेसेजचे फोटो काढून मगच ॲप काढून टाकावे. ॲप निघत नसेल तर मोबाईल पूर्ण रिकामा करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी. आणि एक सावधानता इथेच सांगून ठेवते: पैसे गेलेल्या माणसाला नंतर “तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा” असे फोन येतात. सरकारी तक्रारीला शुल्क लागत नाही.

आमच्या तरुण मुलांबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. “तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार रुपये देतो” असे मेसेज त्यांना येतात. फसवणुकीचे पैसे ज्या खात्यांतून फिरतात ती अशीच घेतलेली असतात. पोलीस आधी त्या खातेदाराच्या दारात येतात, खाते गोठते, आणि मुलाचे नाव गुन्ह्यात येते.

पैसे गेले नसले तरी आलेला खोटा मेसेज नोंदवता येतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ नावाची सोय आहे. तिथे संशयास्पद एसएमएस, फोन आणि व्हॉट्सॲप संदेशांची माहिती देता येते, आणि पडताळणीनंतर ते क्रमांक बंद केले जातात. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हेही दिसते, आणि आपण न घेतलेले सिम आढळले तर ते बंद करण्याची विनंती करता येते. ज्यांना हे स्वतः जमत नसेल त्यांनी केंद्रात यावे; या कामाचे आणि १९३० वरच्या तक्रारीचे पैसे मी घेत नाही. येताना तो मोबाईल सोबत आणावा आणि आलेला मेसेज मिटवू नये.